तोंडाची ताकद मोजून घेतली तेव्हा

माझं वजन उतरत होतं आणि भेटेल तो कौतुक करत होता. "व्यायाम लागू पडलाय हं तुम्हाला," असं एकीनं सांगितलंही. व्यायाम मी कसलाच करत नव्हते. जेवायला मात्र पूर्वीपेक्षा खूप वेळ लागू लागला होता आणि ताटातल्या गोष्टी एकेक करून कमी झाल्या होत्या. आधी दाणे गेले. मग कच्चं गाजर, मग सालीसकट सफरचंद, मग जे जे चिवट ते सगळं. कधी सुटलं म्हणाल तर सांगता येणार नाही, कारण यातलं काहीच मी ठरवून सोडलं नव्हतं. "आज नको" म्हणत म्हणत ते सुटत गेलं आणि उरलं ते मऊ, गुळगुळीत, चमच्यानं खाता येण्यासारखं.

माझं वय ७२. तोंडात स्वतःचे १७ दात, खालच्या बाजूला काढता-घालता येणारी अर्धी कवळी. दातांच्या डॉक्टरांकडे नियमानं जाणारी मी बाई. तिथे दात मोजले जायचे, कीड बघितली जायची, हिरड्यांजवळचा खर काढला जायचा आणि "सगळं ठीक आहे" म्हणून घरी पाठवणी व्हायची. दातांपुरतं ते खरंही होतं. पण हे तोंड काम किती करतं, हे त्या खुर्चीत कुणी विचारत नाही. विचारायचं काम कुणाचं, हाही प्रश्नच आहे. दातांचे डॉक्टर दात बघतात, पोटाचे डॉक्टर पोट बघतात. मधल्या जीभ-घशाला धनी कोण?

मला तो प्रश्न विचारला रक्तदाबासाठी मी ज्यांच्याकडे जाते त्या डॉक्टरबाईंनी. त्यांच्यासमोर गोळी घेताना मला ठसका लागला. त्यांनी मागचे कागद उलटून जुनी वजनं काढली. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर त्याची चौकशी करावी, असा साधारण नियम आहे. माझा उतार त्याच्या पुढे गेला होता. थायरॉइड, साखर, पोट सगळं तपासून झालं, काही निघालं नाही. मग त्यांनी पाच प्रश्न टाकले. स्वतःचे दात विसापेक्षा कमी आहेत का? सहा महिन्यांपूर्वीपेक्षा कडक खाणं अवघड जातं का? चहा किंवा सूप घेताना हल्ली ठसका लागतो का? तोंड कोरडं पडतं का? बोलताना शब्द पूर्वीइतके स्पष्ट येतात का? पाचांपैकी दोन उत्तरं बिघाडाकडे झुकली तर तोंडाची ताकद ओसरते आहे असं धरतात. माझी चार झुकली. पाचव्याबद्दल मी म्हटलं, फोनवर लोक "काय म्हणालात?" असं हल्ली फार विचारतात, पण माझ्या मैत्रिणींचे कानही माझ्याच वयाचे आहेत. बाई हसल्या आणि तेही झुकलेल्यांत घातलं.

ही प्रश्नावली जपानमधली. तिथे वृद्धांची संख्या मोठी आणि या विषयावरचं कामही जुनं. १९८९ मध्ये त्यांनी "८०२०" नावाची मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात शिल्लक असावेत. पुढे लक्षात येत गेलं की दात असूनही माणसं नीट खात नाहीत, कारण दातांमागे जीभ, गाल, ओठ, लाळ आणि गिळण्याचे स्नायू असतात आणि वयाबरोबर तेही ढिले पडतात. काशिवा या शहरात २०१२ पासून दोन हजारांच्या आसपास ज्येष्ठांचा पाठपुरावा झाला. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या तोंडाचं काम अनेक बाजूंनी मंदावलं होतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत अशक्तपणा, स्नायूंची झीज, परावलंबन आणि मृत्यू या सगळ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीच्या घरात होतं. डॉक्टरबाईंनी मला हे सांगितलं ते घाबरवायला नाही, पण मी घाबरले. घाबरल्यामुळेच त्यांनी दिलेली चिठ्ठी घेऊन दुसऱ्याच आठवड्यात एका दंत महाविद्यालयाच्या वृद्धरुग्ण विभागात गेले.

तिथल्या तरुण डॉक्टरनं "काकू" म्हणून हाक मारली. "आजी" म्हणाला नाही, तेवढ्यानंच माझं मत त्याच्याबद्दल चांगलं झालं. त्यानं सांगितलं की सात गोष्टी मोजायच्या. जपानच्या वृद्ध-दंतवैद्यक संस्थेनं २०१६ मध्ये हे निकष ठरवले आणि २०१८ पासून तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात ही तपासणी धरली जाते. सातांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी कमी भरल्या तर तोंडाचं काम मंदावल्याचं निदान पक्कं.

पहिली जीभ. आरशासमोर जीभ बाहेर काढायची आणि तिचे मनातल्या मनात नऊ चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनावर थर नसेल तर शून्य, पातळ असेल तर एक, जाड असेल तर दोन. एकूण अठरापैकी नऊ किंवा जास्त आले तर तोंडाची स्वच्छता अपुरी. माझे दहा आले. सकाळ-संध्याकाळ दात घासणाऱ्या बाईला हे जरा लागलं. पण तो म्हणाला, जीभ नुसती ब्रशनं स्वच्छ होत नसते. खाताना ती टाळूला, दातांना घासली जाते आणि लाळ ते सगळं धुऊन नेते. जीभ कमी हलली आणि लाळ आटली की थर साचतो. म्हणजे अस्वच्छता हे इथे आळसापेक्षा हालचाल थांबल्याचं लक्षण जास्त.

दुसरी ओलावा. पेनासारखं एक छोटं यंत्र जिभेवर दोन सेकंद टेकवलं. २७ च्या खाली गेलं तर कोरडेपणा. माझे २४ आणि काही. तिसरी चावण्याचा जोर. त्यासाठी दाब टिपणारी खास पट्टी असते. ती नसली तर दातांची संख्या धरतात, वीसपेक्षा कमी म्हणजे जोर कमी. हलणारे दात आणि नुसती राहिलेली मुळं त्यात मोजत नाहीत. इथे माझा निकाल मोजायच्या आधीच लागला होता.

चौथी चाचणी मात्र मला मनापासून आवडली, आणि तिथेच माझी सगळ्यात जास्त नाचक्की झाली. पाच सेकंद जमेल तितक्या वेगानं "प प प प" म्हणायचं. मग तसंच "त त त त". मग "क क क क". यंत्र मोजतं. सेकंदाला सहाच्या खाली एक जरी अक्षर गेलं तरी ते कमी धरायचं. मी उभी हयात मुलांना वर्णमाला शिकवण्यात घालवली आहे. क कंठ्य, त दंत्य, प ओष्ठ्य हे घोकून घेताना कधी मनातही आलं नव्हतं की हे माझ्याच तोंडाच्या तपासणीचे तीन थांबे आहेत. प म्हणताना ओठ मिटतात. जेवताना घास बाहेर सांडू न देण्याचं काम त्याच ओठांचं. त म्हणताना जिभेचं टोक वर लागतं. घास गोळा करून मागे ढकलायची सुरुवात तिथूनच होते. क म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जातो, आणि तो नीट उचलला गेला नाही तर घास किंवा पाणी घशात वेळेआधी घरंगळतं. माझे प सहाच्या वर होते, त जेमतेम सहा, क मात्र साडेचारच्या आसपास. "म्हणून तुम्हाला पाण्यानं ठसका लागतो," तो म्हणाला, "घट्ट पदार्थानं नाही."

हे मला उलट वाटायचं. पाणी म्हणजे सगळ्यात सोपं गिळायला, अशीच आपली समजूत. पण गिळताना श्वासनलिकेचं दार बंद व्हायला क्षणभर वेळ लागतो. घट्ट घास सावकाश सरकतो, तोवर दार लागलेलं असतं. पाणी आणि चहा त्या आधीच पोहोचतात. वयानं ही बंद होण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे पातळ गोष्टीच आधी दगा देतात.

पाचवी जिभेचा दाब. एक छोटा फुगा टाळू आणि जीभ यांच्यामध्ये ठेवून पूर्ण ताकदीनं चेपायचा. ३० किलोपास्कलच्या खाली म्हणजे कमी. मी डोळे मिटून, मुठी आवळून दाबलं आणि आकडा आला २३. "पुन्हा करू?" म्हटलं. तीनदा करून सरासरीच घेतात, म्हणाला. सरासरीही तेवढीच. मी विचारलं, दात नसताना जिभेचा एवढा बाऊ कशाला? तेव्हा त्यानं जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं: दात हे जातं असतील, तर जीभ म्हणजे त्यात घास घालणारा हात. दळलेलं पुन्हा दाढांखाली लोटणं, गालात गेलेलं ओढून आणणं, शेवटी सगळ्याचा गोळा करून मागे सारणं हे सगळं तीच करते. हात लुळा पडला तर जातं कितीही चांगलं असून काय उपयोग?

सहावी चाचणी चावण्याची. ग्लुकोज घातलेली एक जेलीची गोळी वीस सेकंद चावायची, मग थोडं पाणी तोंडात घेऊन सगळं एका पेल्यात थुंकायचं आणि त्या पाण्यात किती साखर उतरली ते मोजायचं. गोळी जितकी बारीक झाली तितकी साखर जास्त. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे कमी. माझे ८४. दिसायला हा प्रकार फारसा शोभिवंत नाही, पण सातांपैकी ही चाचणी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण इथे दात, कवळी, जीभ, गाल सगळ्यांची परीक्षा एकदम होते. सातवी म्हणजे गिळण्याबद्दलची दहा प्रश्नांची यादी. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, बेरीज तीन किंवा जास्त आली तर पुढे बघायचं. माझी पाच.

म्हणजे सातांपैकी सातही. मी गप्प बसून राहिले. डॉक्टर म्हणाला, "काकू, सगळे निकष थोडक्यातच चुकलेत. एकही तळाला नाही." ते त्यानं धीर द्यायला म्हटलं की खरंच, हे तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं.

सुरुवात त्यानं औषधांच्या यादीपासून केली. दातांच्या डॉक्टरनं औषधांची यादी मागावी याचं मला नवल वाटलं होतं, पण त्या यादीतच कोरडेपणाचं बरंचसं उत्तर होतं. लघवीची घाई होते म्हणून मी ऑक्सिब्युटिनिन घेत होते. रात्री नाक चोंदू नये म्हणून जुन्या पिढीतली एक सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामाईनची. दोन्ही लाळग्रंथींना मिळणारा इशाराच अडवतात. त्यात रक्तदाबासाठी पाणी उतरवणारी गोळी. वयामुळे लाळ आटते असं आपण सहज म्हणतो. खरं तर म्हातारपणी तोंड कोरडं पडण्यामागे औषधं हे सगळ्यात नेहमीचं कारण असतं, आणि औषधांची संख्या वाढेल तसा कोरडेपणा वाढतो. पण त्यानं स्वतः एकही गोळी बंद केली नाही. चिठ्ठी लिहून मला परत डॉक्टरबाईंकडे पाठवलं. मी मनानं बंद केल्या असत्या तर लघवीचा त्रास वेगळा आणि रक्तदाबाचा वेगळा. बाईंनी ऑक्सिब्युटिनिनच्या जागी मिराबेग्रॉन दिलं, कारण त्यानं तोंड तितकं सुकत नाही. मात्र त्यानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून सुरुवातीला तो वरचेवर बघितला. सर्दीच्या गोळीची गरजच उरली नव्हती. ती सवयीनं चालू होती.

लाळेचं महत्त्व मला तेव्हा पटलं. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल सौम्य करते, दातांना खनिजं पुरवते, घास बांधते. ती कमी झाली की कीड आधी मुळांशी धरते. म्हातारपणी हिरड्या उतरून मुळं उघडी पडतात, आणि मुळावर वरच्या भागासारखं कठीण एनॅमल नसतं. माझ्या दोन दातांच्या मुळाशी तपकिरी मऊ डाग होते, आणि दुखणं मात्र काहीच नव्हतं. वयाबरोबर दाताच्या आतली नसेची पोकळी अरुंद होत जाते, म्हणून कीड खोल जाईपर्यंत कळ येत नाही. "दुखत नाही म्हणजे ठीक आहे" हा हिशोब या वयात लागू होत नाही. त्यानं जास्त फ्लोराइडची, ५००० पीपीएमची पेस्ट लिहून दिली. नेहमीच्या पेस्टमध्ये ते हजार ते दीड हजार असतं.

मग कवळी. माझी खालची कवळी बोलताना किंचित उचलली जायची आणि मी ती जिभेनं दाबून धरायची. इतकी सवय की लक्षातही येत नव्हतं. दात काढल्यावर त्याखालचं हाड झिजत जातं, खालच्या जबड्यात जास्तच, त्यामुळे कधीकाळी घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होतेच. म्हणजे जी जीभ घास फिरवायला हवी ती दिवसभर कवळीच्या राखणीला बसलेली. त्यानं नवी करायला सांगितली नाही. आतून अस्तर घालून, म्हणजे रिलायनिंग करून, तीच बसवून दिली. इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावण्याचं, बोलणं निघालं होतं, पण मी काही वर्षं हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेन्ड्रोनेट घेतलंय हे कळल्यावर तो जरा थबकला. त्या गटातल्या औषधांनंतर जबड्यावर शस्त्रक्रिया करायची तर आधी विचार करावा लागतो, क्वचित हाड भरून येत नाही. "आधी जे आहे त्याच्याकडून काम करून घेऊ," म्हणाला. मला ते आवडलं.

कवळीबद्दल त्यानं आणखी एक नियम कडक केला, रात्री काढून पाण्यात ठेवायची. मी ती घालूनच झोपायची, काढली की तोंड बसलेलं दिसतं म्हणून. जपानमधल्या अतिवृद्धांच्या एका पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं होतं. झोपेत लाळ नकळत फुप्फुसात झिरपते, आणि त्या लाळेत जे जंतू असतील ते तिच्याबरोबर जातात. १९९९ मध्ये जपानच्या अकरा वृद्धाश्रमांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे रोज तोंडाची नीट स्वच्छता करून दिली तिथे दोन वर्षांत ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, जिथे नेहमीसारखंच सोडलं तिथे १९ टक्के लोकांना. तेव्हापासून मी जीभ मऊ ब्रशनं, मागून पुढे, सकाळी खाण्याआधी घासते. जोर लावायचा नाही, जीभ सोलली तर उलट थर जास्त धरतो. कवळी पेस्टनं घासायची नाही, चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते.

व्यायाम शिकवायला वाचा-उपचार करणारी एक मुलगी होती. वाचा-उपचारवाले गिळण्याचंही काम बघतात हे मला माहीत नव्हतं. तिनं आधी थोडं थोडं पाणी पाजून माझ्या गळ्यावर बोटं ठेवली, गिळल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का ते ऐकलं. वरचेवर ताप येतो का, जेवल्यावर खोकला होतो का, हे विचारलं. तसं असतं तर क्ष-किरणांखाली गिळताना बघावं लागलं असतं. माझं तेवढ्यावर गेलं नव्हतं.

मग व्यायाम. जीभ टाळूवर पूर्ण ताकदीनं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. चमच्याची पाठ जिभेवर ठेवून त्याला खालून वर लोटायचं. तोंड जमेल तितकं उघडून दहा सेकंद तसंच धरायचं, दहा सेकंद विश्रांती, असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. हा प्रकार हनुवटीखालच्या त्या स्नायूंसाठी, जे गिळताना स्वरयंत्र वर उचलतात. जबड्याचा सांधा निखळत असेल किंवा दुखत असेल तर हा करायचा नाही, असं तिनं बजावलं. कानापुढे, जबड्याच्या कडेच्या आतल्या बाजूनं आणि हनुवटीखाली बोटांनी हळू मालिश, लाळग्रंथींसाठी. आणि प, त, क, र ही अक्षरं वेगवेगळी आणि एकत्र, "पतकर, पतकर". आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी हा जप सुरू झाला. ह्यांनी पहिल्या दिवशी पेपर खाली ठेवून विचारलं, "कुणाला शिव्या देतेस?"

सगळ्यात कंटाळवाणा जिभेचा दाब, आणि उपयोग सगळ्यात जास्त त्याचाच. व्यायाम करताना घाम येत नाही, काही दिसत नाही, आरशात बघावं तर एक बाई तोंड मिटून शून्यात बघतेय. पहिले काही आठवडे फरकही जाणवला नाही. संध्याकाळी जीभ खरोखर थकायची, बोलताना जड व्हायची. मुलगी म्हणाली, थकतेय म्हणजे काम होतंय.

पाणी पिण्याची रीतही बदलावी लागली. ताठ बसायचं, घोट लहान, तोंडात घास किंवा घोट असताना बोलायचं नाही, गोळी घेताना मान मागे टाकायची नाही. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी होते. मी आयुष्यभर गोळी तशीच घेत आले आणि जगातली बहुतेक माणसंही तशीच घेत असावीत. हनुवटी किंचित खाली ठेवून गिळायला तिनं मला शिकवलं, पण ते सगळ्यांना चालत नाही, बघून सांगावं लागतं. जेवण झाल्या झाल्या आडवं व्हायचं नाही, अर्धा तास तरी बसायचं. ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली.

खाण्याचं गणितही तिथे मांडलं गेलं. मऊ खाण्याच्या नादात प्रथिनं निम्मी झाली होती. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. ती कमी पडली की स्नायू झिजतात, जिभेचेही, मग चावणं आणखी अवघड, मग खाणं आणखी मऊ. आहारतज्ज्ञ बाईंचं म्हणणं असं की सगळं मिक्सरमधून काढू नका. ज्या गोष्टी शिजवून मऊ होतात पण चावाव्या लागतात त्या निवडा, बारीक चिरा, पण चावा. कडक पदार्थ एकदम नाही, एकेक पायरी वर. यात घाई करणं मला धोक्याचं वाटतं. ठसका लागत असताना "सवय होईल" म्हणून दाणे खायला लावणारे हितचिंतक मी पाहिलेत.

काही महिन्यांनी पुन्हा मोजलं. जिभेचा दाब २९, म्हणजे रेषेच्या अगदी खाली. जेलीची साखर ११८, रेषेच्या वर, पण यात जिभेचं श्रेय किती आणि कवळीच्या अस्तराचं किती हे वेगळं काढता येत नाही असं डॉक्टरनंच सांगितलं. ओलावा २७ च्या काठावर. जिभेवरचे चौकोन बरेच मोकळे. गिळण्याच्या प्रश्नांची बेरीज दोन. दातांची संख्या तेवढीच, ती कशी वाढणार? आणि क अजून साडेपाचच्या आतच घुटमळतोय. सातांपैकी तीन अजून कमी आहेत, म्हणजे कागदावर निदान कायम. वजन मात्र उतरायचं थांबलंय, थोडं चढलंही आहे. आता कुणी कौतुक करत नाही.

व्यायाम सोडून बघितलं तर काय होतं, हेही मध्ये कळलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काही काळ सगळं बंद होतं, आणि जिभेच्या दाबाचा आकडा लगेच खाली आला. स्नायूच तो, काम थांबलं की ओसरणारच. म्हणजे हे पथ्य आता कायमचं.

ह्यांना मी दुसऱ्या खेपेला बरोबर नेलं होतं, सोबत म्हणून. ह्यांचे २६ दात जागेवर आहेत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. डॉक्टर गमतीनं म्हणाला, "काका, तुम्हीही दाबून बघा." काकांनी दाबलं. २७. माझ्याहून दोन कमी. यंत्र बिघडलंय का, असं त्यांनी डॉक्टरला दोनदा विचारलं. मग स्वतःहून पुन्हा दाबलं, आणि आकडा आणखी एकानं खाली आला, कारण जीभ दमली होती. बोलायला फार आवडत नसलेला आणि निवृत्तीनंतर दिवसदिवस पेपरात डोकं घालून बसणारा माणूस. त्यांचे दात मजबूत, पण तोंडाला काम किती? डॉक्टरनं त्यांना माझेच व्यायाम दिले, वर मोठ्यानं वाचायला सांगितलं. आता पेपरातले अग्रलेख मला ऐकावे लागतात.

पुढची मोजणी आम्ही दोघांची एकाच दिवशी ठेवली आहे. त्यांची अट एवढीच, की माझा आकडा त्यांना आधी सांगायचा नाही.